भानुदास मेश्राम यांची एसओपी, आवृत्ती दुसरी

अमेरिकेतल्या कॅरी गावी मेश्रामांच्या घरी पहिल्यांदा चहा करायला उठणाऱ्या माणसाला शेगडीच्या वर, भिंतीवर, प्लास्टिकच्या आवरणात बंद केलेला एक कागद दिसतो. ‘चहा, दोन व्यक्तींसाठी. आवृत्ती ४. तयार करणार: भा. मेश्राम. तपासणार: प्र. मेश्राम.’ खाली नऊ पायऱ्या आहेत. सहाव्या पायरीत ‘आले ठेचावे, किसू नये’ हे ठळक अक्षरांत आहे आणि त्याच्या पुढे प्रतिमाकाकूंनी पेनाने लिहिलेलं आहे, ‘मी किसते.’ भानुदासकाकांनी ते कधी पुसलं नाही. सही झालेल्या कागदावर खाडाखोड करायची नसते.

भानुदासकाका तिथल्याच रिसर्च ट्रँगल नावाच्या भागातल्या एका औषध कंपनीत व्हॅलिडेशनचं काम करतात. म्हणजे गोळ्या करणारं यंत्र खरोखर गोळ्याच करतं याचा कागदोपत्री पुरावा तयार करतात. जे लिहिलं नाही ते घडलं नाही, हे त्या धंद्यातलं पहिलं वाक्य. बाकीचे लोक ते ऑफिसात ठेवून घरी येतात. काका ते डब्याबरोबर घरी आणतात. कपडे धुण्याची एसओपी, म्हणजे पायरीपायरीने लिहिलेली कार्यपद्धती, प्रवासाला निघतानाची एसओपी, पाहुणे गेल्यानंतरची एसओपी. त्यांची मुलगी उपासना नेपरव्हिलला असते. ती म्हणते, तिच्या लहानपणी घरात शिक्षा नसायची, डेव्हिएशन रिपोर्ट असायचा. ‘घडलेली चूक, मूळ कारण, पुन्हा घडू नये म्हणून उपाय’, आणि खाली सातवीतल्या मुलीची सही.

लोक हसतात. काकाही हसतात. मात्र कामठीजवळच्या ज्या गावातून ते आले, तिथे त्यांच्या घरातल्या कुणाच्या कामाला कागद नव्हता. आजोबांनी खणलेली विहीर कुणी खणली ते कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नाही म्हणून ती त्यांनी खणलीच नाही असं मानायला सगळं गाव तयार होतं. असल्या घरातला मुलगा पुढे आलं ठेचण्याबद्दलही कागद करत असेल तर त्याला फार हसू नये.

आता गाडीबद्दल. काकांकडे पंधरा वर्षांची एक मिनीव्हॅन आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी ती जुनी विकत घेतली, कारण तिच्या दारातून खाली उतरणारी फळी आहे आणि रेखामावशींची विजेवर चालणारी खुर्ची त्या फळीवरून थेट आत जाते. दुसऱ्या कुणाच्या गाडीत ती खुर्ची मावत नाही. ती उचलायलाच चार माणसं लागतात.

रेखामावशी मॉरिसव्हिलला आपल्या मुलाकडे, जयकडे, राहतात. ही गोष्ट घडली तेव्हा वय ऐंशीला एक कमी. छप्पन साली दसऱ्याच्या दिवशी नागपूरला जो लाखोंचा समुदाय जमला होता, त्यात त्या अकरा वर्षांच्या होत्या. “मला काही दिसलं नाही बापा,” असं त्या स्वतःच सांगतात. “पुढे पांढरी लुगडीच लुगडी. ऐकू मात्र आलं. जे ऐकू आलं ते म्हटलं.” आजूबाजूच्या तीन गावांतली धम्माची मंडळी दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करतात तेव्हा बावीस प्रतिज्ञा मावशी सांगतात आणि बाकीचे त्यांच्यामागून म्हणतात. त्या दिवशी तिथे हजर असलेलं माणूस आता आमच्यात एवढं एकच उरलं आहे. प्रतिज्ञा सांगताना त्या खुर्चीतून उठून उभ्या राहतात. डॉक्टरांनी त्या ऑगस्टमध्ये सांगितलं होतं की उभं राहणं आता पुरे. मावशींनी डॉक्टरांना विचारलं, “ऑक्टोबरनंतर चालेल का?”

त्या वर्षी, म्हणजे चोवीस साली, दसरा खरोखरच शनिवारी आला. अमेरिकेत आपले सगळे सण शनिवारीच येतात, मग तिथी काहीही असो. त्या वर्षी मात्र पंचांगानेच माघार घेतली. त्यामुळे कार्यक्रम नेमक्या दिवशी होणार, दुपारी तीन वाजता, डरॅमच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये. मावशींना आणायचं काम नेहमीप्रमाणे भानुदासकाकांचं.

आणि सप्टेंबरपासून गाडी ओरडत होती.

इंजिन सुरू केलं की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आवाज. इंजिनाच्या बाजूला एक लांब नागमोडी पट्टा असतो. तो पाण्याचा पंप, बॅटरी भरणारं यंत्र, स्टिअरिंगचा पंप अशा सगळ्यांना एकट्याने फिरवतो. काकांच्या गाडीतल्या पट्ट्याच्या पाच धारांपैकी दीड धार निघून आली होती. तो रस्त्यात तुटला असता तर गाडी पाच मैलांत तापून थांबली असती, आत मावशींना घेऊन. मेकॅनिकने मंगळवारची वेळ दिली. खुर्चीसकट नेणारी सरकारी गाडी दोन दिवस आधी सांगावी लागते आणि पट्ट्याची ही अवस्था कळली शुक्रवारी. जय कामासाठी बाहेरगावी होता. उपासना फोनवर म्हणाली, “डॅड, जस्ट टो इट.”

काकांनी गाडी ओढून नेणारा ट्रक बोलावला नाही. त्यांनी दुकानातून नवा पट्टा आणला, अकरा व्हिडिओ पाहिले आणि चौदा पानांची एसओपी लिहिली.

शनिवारी सकाळी साडेनऊला त्यांनी घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये बॉनेट उघडलं. प्रतिमाकाकू खिरीचं पातेलं घेऊन दुसऱ्या गाडीने आधीच हॉलवर गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, “तपासणार म्हणून माझी सही आत्ताच घेऊन ठेवा. नंतर चिडलेले असाल.” काकांनी खरोखर घेतली.

पट्टा काढायचा म्हणजे आधी टेन्शनर सैल करायचा. टेन्शनर हा स्प्रिंगच्या जोरावर पट्टा ताणून धरणारा एक लोखंडी हात. त्याच्या बोल्टवर पाना बसवून तो एका अंगाला दाबून धरला की पट्टा ढिला होतो आणि बोटाने निघतो. काम एवढंच. मात्र ते ज्या जागी आहे तिथे जागाच नाही. इंजिनाची बाजू आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक बोळ आहे, रुंदी चार बोटं, आणि टेन्शनर त्या बोळाच्या तळाशी. काकांचा पाना बोळात शिरला, बोल्टवर बसला आणि तिथेच अडकला. फिरवायला बोटभरही वाव नाही. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. व्हिडिओतला माणूस “आणि आता हे सहज” असं म्हणत होता, मग चित्र थोडंसं हललं आणि पट्टा त्याच्या हातात होता. मधल्या वेळात काय झालं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

फोन वाजला. मावशी.

“निघाला का?”

“नाही मावशी. दोन वाजता येतो.”

“मी अंघोळ करून बसून राहिली. पांढरं नेसली. आता जेवूही नाही, सांडते.”

“जेवा मावशी, वेळ आहे.”

“तू लिहून देतो का?”

फोन ठेवून काकांनी मान वर केली तर समोर श्रीरंग उभा. शेजारचा श्रीरंग पुण्याचा, क्लाउड आर्किटेक्ट, वय शेहेचाळीस, आणि कॉलनीच्या घरमालक संघटनेच्या समितीवर. अंगात पिवळा रेशमी कुर्ता आणि खाली शिवलेलं सोवळं. हे सोवळं अमेरिकेत फार चालतं. त्याला कमरेला इलॅस्टिक असतं आणि बाजूला फोनसाठी खिसा.

“भानुदासराव, हॅपी दसरा! ऑफिशियली मी काही बघितलेलं नाही. पण ड्राइव्हवेमध्ये गाडी रिपेअर करायला अलाउड नाहीये, यार. कलम अकरा.”

“अकरा-ब,” काका म्हणाले. “आणीबाणीची किरकोळ देखभाल चालते.”

“ही किरकोळ आहे?”

“सकाळपर्यंत होती.”

श्रीरंगने बॉनेटखाली डोकावलं. अडचण ऐकली आणि त्याचा चेहरा उजळला. अडचण कुणाचीही असो, आपल्याकडे तिच्यासाठी वस्तू आहे हे कळलं की काही माणसांना जे होतं ते त्याला झालं.

“अहो, याला स्पेशल टूल असतं! लांब, चपटी दांडी. एवढ्याशा फटीत जाते. माझ्याकडे आहे! दोनशे बारा पिसेसचा सेट घेतला ना मी, त्यात आहे. चला!”

काका हात पुसत त्याच्यामागून गेले. इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं.

श्रीरंगचं गॅरेज आमच्या गल्लीतलं सर्वात स्वच्छ गॅरेज. तिथे आजवर काहीही दुरुस्त झालेलं नाही. त्या दिवशी मध्ये पाट मांडला होता, त्यावर लाल कापड, आणि कापडावर दोनशे बारा तुकडे, लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट. ड्रिल, पाचोळा उडवायचं यंत्र, दोन लॅपटॉप, वायफायचा राउटर यांनाही झेंडूचं एकेक फूल. सगळ्यात वर, मधोमध, एक चपटी काळी दांडी. हातभर लांब, पट्टीसारखी. तिच्यावरचं कारखान्याचं तेल अजून तसंच होतं आणि त्या तेलात कुंकू छान बसलं होतं.

“हीच,” काका म्हणाले.

“हीच,” श्रीरंग म्हणाला, आणि त्याचा हात अर्ध्यावर थांबला. “ओह.”

“काय झालं?”

“पूजेत आहे.”

“ते दिसतंय.”

“म्हणजे… आज हलवता येणार नाही. उद्या उत्तरपूजा. उद्या सकाळी सातला देतो, प्रॉमिस. मी स्वतः आणून देतो.”

“श्रीरंग, मावशींना आज तीनला पोहोचवायचंय.”

“आय नो, आय नो. मी काही तसला अंधश्रद्ध नाहीये, यार. तुम्हाला माहितीये. पण कल्चर म्हणून एक असतं ना.”

काकांनी दोन दुकानांना फोन लावला. ती दुकानं असली हत्यारं उसनी देतात. एका ठिकाणची दांडी आधीच कुणी नेली होती. दुसऱ्या ठिकाणी दांडी होती, तिच्या टोकाला लागणारा तुकडा हरवला होता. श्रीरंग आपल्याच पाटाशी चोरासारखा उभा. घड्याळात अकराला पाच कमी.

आतून त्याची बायको विनीता आली, हाताला श्रीखंड. प्रकरण ऐकून म्हणाली, “मग गुरुजींना विचार. सकाळी झूमवर पूजा सांगितलीच ना त्यांनी? पुण्यात आत्ता साडेआठ झाले असतील. जेवत असतील, पण उचलतील. तू वर्षभराचं पॅकेज घेतलंयस.”

गुरुजींनी उचललं. पडद्यावर आधी वरणभात दिसला, मग गुरुजी.

“यजमान, पूजेत मांडलेलं शस्त्र दुसऱ्या दिवशीच हलवायचं. मात्र अडचण असेल तर तोड आहे. ज्याला वापरायचंय त्याने शुचिर्भूत व्हावं, हळदकुंकू, अक्षता वाहाव्या, शस्त्राला नमस्कार करून क्षमा मागावी आणि मग उचलावं. पाच मिनिटांचं काम.”

“झालं!” श्रीरंगने सुटकेचा श्वास सोडला. “भानुदासराव, फक्त पाच मिनिटं. वॉशरूम तिकडे आहे.”

विनीताने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

भानुदासकाका पाटाकडे बघत होते. दांडी, झेंडू, राउटर. पाच मिनिटं. गॅरेजमध्ये तीन माणसं आणि पडद्यावर एक. बाहेर कुणाला कळणार नव्हतं. आणि चार तासांनी मावशी उभ्या राहून बावीस प्रतिज्ञा सांगणार होत्या, आणि काकांना त्या मागून म्हणायच्या होत्या. ती यादी भानुदासकाकांइतकी बारकाईने क्वचितच कुणी वाचली असेल. शब्दाला शब्द लावून पाहिलं तर पान्याला नमस्कार करू नये असं तिच्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं, तरी ते तिथे होतं. काकांना याचं फार आश्चर्य वाटलं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात असं प्रथमच झालं होतं.

“हे माझ्याच्याने व्हायचं नाही,” ते म्हणाले.

“अहो, सिम्बॉलिक असतं ते सगळं! आम्ही तरी कुठे एवढं मानतो?”

“तू मानत नाहीस?”

“म्हणजे… तसं नाही.”

काकांनी खिशातून पेन काढलं. पेन हातात आलं की ते वेगळे दिसतात. चष्मा नाकावर येतो आणि समोरच्या माणसाला आपला परवाना आठवतो.

“गुरुजी, नमस्कार नाही म्हणत, जयभीम म्हणतो. एक क्लॅरिफिकेशन. तुम्ही म्हणालात, ज्याला वापरायचंय त्याने. हत्यार ज्याचं आहे, ज्याने सकाळी पूजा केली, त्यानेच वापरलं तर?”

गुरुजींनी घास गिळला. “मालकाने वापरायला कसली हरकत? त्याचा नमस्कार सकाळीच झालाय. उलट पूजेच्या दिवशी शस्त्र चालवणं हा शस्त्राचा मानच. फक्त आज दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही.”

“हे फायनल?”

“शास्त्रच आहे हो.”

“अकरा वाजून दोन मिनिटं,” काका लिहीत म्हणाले. “धन्यवाद. जेवा तुम्ही.”

श्रीरंग दोघांकडे आळीपाळीने बघत होता. “पण मला हे कुठे येतं?”

“सेट आणलास तेव्हा म्हणालास, सगळं येतं,” विनीता म्हणाली.

“निदान कपडे बदलून येतो.”

“बदललेस तर पुन्हा अंघोळ. सोवळ्यात मांडलीस, सोवळ्यातच वापर.”

तर अशा रीतीने दसऱ्याच्या दिवशी सव्वाअकरा वाजता क्लाउड आर्किटेक्ट श्रीरंग सोवळं नेसून मेश्रामांच्या गाडीत कमरेपर्यंत शिरला आणि भानुदासकाका शेजारी उभे राहून त्याला कागद वाचून दाखवू लागले. याच घटकेचा फोटो समोरच्या घराच्या कॅमेऱ्याने काढला. पुढच्या आठवड्यात घरमालक संघटनेकडून मेश्रामांना कलम अकराच्या भंगाची नोटीस आली. सोबत पुरावा म्हणून एक पिवळी रेशमी पाठ होती आणि नोटिशीखाली समितीतर्फे श्रीरंगची सही. काकांनी तिची प्रत काढून फाइलला लावली आहे.

“पाच-एक. दांडीच्या टोकाला चौदा नंबरचा सॉकेट बसवावा.”

“बसवला.”

“पाच-दोन. दांडी बोळातून खाली सोडावी. सॉकेट बोल्टवर बसवावा.”

“बोल्ट दिसत कुठेय?”

“दिसायचा नाही. टीप आहे. हाताने चाचपावे.”

“हे काय मऊ मऊ लागतंय?”

“ती रबरी नळी. सोड तिला.”

“हां. हां! बसला!”

“पाच-तीन. घड्याळाच्या दिशेने फिरवावे आणि दाबून धरावे.”

श्रीरंगने जोर लावला. काही हललं नाही. श्रीरंगने पाय गाडीला लावून जोर लावला. बंपर हलला. बांगड्या मागे सारत विनीता मदतीला आली. दोघांनी मिळून लावला. टेन्शनर बोळाच्या तळाशी बसल्या जागी बसून राहिला. दांडी मात्र निसटली आणि श्रीरंगची बोटं सांगाड्यावर आपटली. त्याने जे म्हटलं ते पूजेच्या दिवशी म्हणायचं नसतं.

“गंजलाय हा!”

“पाच-तीन,” काकांनी पुन्हा वाचलं. “घड्याळाच्या दिशेने.”

“अहो तेच करतोय!”

“मॅन्युअलमध्येही तेच आहे. मी तीन ठिकाणी तपासलंय.”

असं बारा वाजून दहापर्यंत चाललं. काका तेच वाक्य वाचत होते आणि श्रीरंग तेच करत होता. दोघांचंही आपापल्या परीने बरोबर होतं. विनीता पायरीवर बसली. तिला हे सगळं फार ओळखीचं वाटत असावं. ती म्हणाली, “सकाळी गुरुजी सांगत होते, आता भाऊजी सांगताहेत. सांगणारा बदलला की अर्थ कळतो असं काही नाही.”

फोन वाजला. काकांनी तो बॉनेटच्या कडेला ठेवून स्पीकरवर टाकला.

“कुठवर आलं?”

“मावशी, थोडं अडलंय.”

“काय अडलं? मले सांग.”

“एक बोल्ट घड्याळाच्या दिशेने फिरवायचा आहे. फिरत नाहीये.”

नागपूरला मावशींनी अठ्ठावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले.

“कोणत्या बाजूनं पाहून राहिला तू?”

“म्हणजे?”

“मशिनीचं चाक शिवणारीकडे येते. समोर बसलेल्या बाईले ते दूर जाताना दिसते. चाक एकच. तुझं घड्याळ कोणत्या भिंतीवर टांगलं तू?”

काकांनी कागद पाहिला. मग मॅन्युअलमधलं चित्र पाहिलं. चित्र चाकाच्या बाजूने, बाहेरून, काढलेलं होतं. श्रीरंग समोरून वाकून आतल्या बाजूने अंदाज करत होता. त्याचं घड्याळ उलटं होतं. चौदा पानं, अकरा व्हिडिओ, तीन ठिकाणची तपासणी, आणि माणसाने कुठे उभं राहून बघायचं ते कुठेच नव्हतं.

“श्रीरंग,” काका म्हणाले, आणि हे म्हणायला त्यांना जड गेलं. “एसओपीत चूक आहे.”

“काय?”

“काचेकडे ढकलू नकोस. स्वतःकडे ओढ.”

श्रीरंगने ओढलं. बोळाच्या तळाशी काहीतरी कुरकुरलं आणि नमलं. दांडी हळूहळू त्याच्याकडे यायला लागली आणि वरचा पट्टा, महिनाभर ओरडून थकलेला, एकदम ढिला पडला.

“आली! आली! विनीता, बघ, आली!”

“हलू नको,” काका म्हणाले. “पाच-चार.” पट्ट्याची पूजा झालेली नव्हती, त्यामुळे त्याला कुणीही हात लावू शकत होतं. काकांनी दोन बोटांनी तो वरच्या चाकावरून उतरवला.

नवा पट्टा बसवायला दांडी पुन्हा ओढून धरावी लागली. या खेपेला सात मिनिटं. काका प्रत्येक चाकाशी थांबून प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या फोटोशी पट्ट्याची वाट ताडून बघत होते. श्रीरंगचा दंड थरथरत होता, नाकावर काळा पट्टा उमटला होता.

“सोडू?”

“पाच-नऊ बाकी आहे.”

“भानुदासराव, सोडू?”

“हळू. एकदम सोडलंस तर पहिल्यापासून.”

एक वाजता गाडी सुरू केली. आवाज नाही. इंजिन असूनही नसल्यासारखं चालत होतं. श्रीरंग बॉनेटसमोर काळे हात पसरून उभा होता. शेहेचाळीस वर्षांचा माणूस इतका खूश क्वचित दिसतो. “मी केलं हे,” तो म्हणाला. “माझ्या हाताने!” विनीताने फोटो काढला. तो पुढे चार ग्रुपवर गेला. तीन ठिकाणी काकांचा उल्लेख होता.

“आता सहा-दोन,” काका म्हणाले. “पहिल्या वीस मैलांनंतर त्याच हत्याराने, ज्याने काम केलं त्यानेच, ताण पुन्हा तपासावा.”

“म्हणजे?”

“म्हणजे चल. हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही ना आज?”

मावशींच्या दारात पोहोचेपर्यंत दोन वाजून गेले. फळी खाली आली, खुर्ची वर चढली, पट्टे आवळले गेले. मावशींनी मान वळवून मागच्या सीटवरच्या माणसाकडे पाहिलं. रेशमी कुर्ता, काळे हात, मांडीवर हातभर लोखंड.

“हा कोण?”

“शेजारी, मावशी. यानेच ओढलं.”

“बरं ओढलं,” मावशी म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “गाडी आज बोलून नाही राहिली. सवय झाली होती.”

हायवेवर अपघात झाला होता. हॉलच्या पार्किंगमध्ये गाडी शिरली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. साठेक माणसं दारात येऊन उभी होती. आत निळा पडदा, फुलं, एका टेबलावर प्रतिमाकाकू आणि खीर. लोकांनी मावशींची खुर्ची आत नेली. काका आणि श्रीरंग बॉनेटपाशी थांबले. श्रीरंगने चाकाच्या बाजूने जाऊन, न विचारता, दांडी बोळात सोडली, ओढली, सोडली. “ठीक आहे,” तो म्हणाला. पार्किंगच्या उन्हात ते दोन शब्द फार गंभीर वाटले.

त्याला तिथूनच कॅब करून जायचं होतं. मावशींनी आतून हाक मारली. “ए ओढणाऱ्या, आला तर बस. खीर खाऊन जा.”

श्रीरंग शेवटच्या रांगेत बसला. दांडी कुठे ठेवावी हे त्याला कळेना. जमिनीवर ठेवायची नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. शेवटी त्याने ती मांडीवर आडवी धरली. मावशींची खुर्ची त्याच्याजवळून पुढे जाताना थांबली.

“हे लाल काय आहे?”

“कुंकू, मावशी.”

“अन् काळं?”

“ग्रीस.”

“कोणतं आधी पुसणार?”

श्रीरंगने कागदी रुमाल घेऊन बोट पुसून पाहिलं. दोन्ही एकत्रच निघालं आणि पुरतं कुठलंच निघालं नाही. मावशी पुढे गेल्या होत्या.

तीन पंचवीसला त्या उठून उभ्या राहिल्या. एक हात खुर्चीवर, दुसरा प्रतिमाकाकूंच्या खांद्यावर. आवाज आधी बारीक होता. तिसऱ्या प्रतिज्ञेपर्यंत तो त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या ठिकाणी जाऊन उभा राहिला, जिला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. लोक मागून म्हणत होते. भानुदासकाका पहिल्या रांगेत होते. एरवी ते पुटपुटतात, कारण पाठ असलेल्या गोष्टी मोठ्याने म्हणायची त्यांना गरज वाटत नाही. त्या दिवशी त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला. बाविसाव्या प्रतिज्ञेनंतर मावशी बसल्या आणि म्हणाल्या, “आता डॉक्टरचं ऐकते.”

रविवारी सकाळी काकांनी आवृत्ती दुसरी तयार केली. पाच-तीनमध्ये एक ओळ वाढली: ‘उभे राहण्याची जागा: उजव्या चाकापाशी, तोंड इंजिनाकडे. दांडी बंपरच्या दिशेने ओढावी. (सूचना: रेखामावशी.)’ ‘काम करणार’ पुढे त्यांनी श्रीरंगचं पूर्ण नाव लिहिलं. शेवटच्या पानावर डेव्हिएशनचा तक्ता होता. ‘काय घडले: नियोजित वेळेपेक्षा दहा मिनिटे उशीर.’ ‘मूळ कारण’ या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. हायवेवरचा अपघात लिहिता आला असता. घड्याळाची दिशा लिहिता आली असती. शेवटी रकाना तसाच सोडून त्यांनी खाली सही केली. कागद तपासणीसाठी प्रतिमाकाकूंच्या पुढे सरकवून ते अंघोळीला गेले.

काकूंना विनीताचा फोन आदल्या संध्याकाळीच येऊन गेला होता. त्यांनी कागद वाचला, रिकाम्या रकान्यात पेनाने लिहिलं, ‘पान्याला नमस्कार केला नाही’, आणि सही केली.

काकांनी परत येऊन ते पाहिलं. पण तोवर सही झालेली होती.